गुडघा सुजण्याआधी काय झाले होते?

दर वर्षी ऑगस्ट उलटला की भारतातून परतलेल्या कुटुंबांचे फोन सुरू होतात. कोणाची बॅग हरवलेली असते, कोणाची मुले अजून रात्री दोन वाजता उठून बसतात, आणि जवळजवळ प्रत्येक घरात कोणाचे तरी पोट बिघडलेले असते. पोटाचे ताक-भातावर चार-सहा दिवसांत निभावते. मग शाळा, ऑफिस आणि गणपतीच्या तालमी यांत घर गुंतून जाते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच घरात कोणाचा तरी गुडघा किंवा घोटा अचानक सुजतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते. ध्यानात नाही म्हणून डॉक्टरांना सांगितले जात नाही, सांगितले नाही म्हणून लिहिले जात नाही, आणि लिहिले नाही म्हणून बिलावर, विमा कंपनीच्या संगणकात आणि पुढच्या डॉक्टरांच्या हातात तो आजार भलत्याच नावाने पोचतो.

आधीच एक खुलासा केलेला बरा. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागते ते रसायनशास्त्रामुळे. मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्यांच्या रांगेत उभे असताना जे सभासद आम्हांला पॅंट वर करून गुडघा दाखवतात, त्यांना आम्ही नम्रपणे खऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. पण नमुन्यावरची चिठ्ठी, वहीतली नोंद आणि तारीख हे मात्र आमच्या रोजच्या कामातले विषय आहेत. बाटलीत काय आहे हे ठाऊक असून उपयोग नसतो, चिठ्ठीवर काय लिहिले आहे त्यावर पुढचे सगळे ठरते. मंडळाच्या कामाच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत सभासदांच्या विम्याचे कागद वाचायची वेळ आमच्यावर वारंवार आली. ते वाचून आमचे एक मत पक्के झाले आहे, आणि ते मांडण्यासाठीच ही जागा अडवली आहे. आजाराच्या कागदाकडे लक्ष देणे हे केवळ दवाखान्याचे काम नाही, ते घराचेही काम आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया या जंतूंमुळे जुलाब झाले, तर ते बरे झाल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांनी काही थोड्या जणांचे सांधे सुजतात. बहुधा गुडघा, घोटा, टाच असे खालचे सांधे. कधी डोळे लाल होतात, लघवीला जळजळ होते. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गानंतरही असेच होते. गंमत अशी की सांध्यातले पाणी काढून तपासले तर त्यात जंतू वाढत नाहीत. जंतूंशी लढायला निघालेली शरीराची यंत्रणा सांध्यातच गोंधळ घालते म्हणा ना. याला रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. एचएलए-बी२७ हा आनुवंशिक घटक ज्यांच्या रक्तात असतो त्यांना तो होण्याची शक्यता अधिक. बहुतेकांचा तो काही महिन्यांत ओसरतो, काहींचा रेंगाळतो.

याउलट जंतू स्वतःच सांध्यात शिरले तर प्रकरण अगदी वेगळे. त्यात ताप येतो, सांधा लालभडक होतो, आणि उपचाराला उशीर झाला तर काही दिवसांतच आतली कूर्चा खराब होऊ लागते. तिथे शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागते, सांधा आतून धुऊन काढावा लागतो. ही तातडीची बाब आहे, तिथे घरचा शेक आणि मलम चालत नाही. म्हणजे वरून दिसायला दोन्ही सुजलेले गुडघेच, पण एकाला सूज उतरवणारी गोळी आणि धीर पुरतो, तर दुसऱ्याला त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. डॉक्टर सुईने पाणी काढून पाहतात ते यासाठी. त्याच पाण्यात यूरिक अॅसिडच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सापडले तर तो गाउट, आणि तो पुन्हा तिसराच रस्ता. (स्फटिकांचा विषय निघाला की आमचा हात लिहीतच सुटतो, तेव्हा इथेच थांबतो.)

आता कागदाकडे वळू. अमेरिकेत प्रत्येक निदानाला एक सांकेतिक क्रमांक असतो. ही पद्धत मुळात मृत्यूची कारणे मोजण्यासाठी निघाली. झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली यादी १८९३ मध्ये इथेच शिकागोच्या परिषदेत मान्य झाली. तिचीच पुढची पिढी म्हणजे आयसीडी. तिची दहावी आवृत्ती, अमेरिकेपुरते फेरफार करून, १ ऑक्टोबर २०१५ पासून इथे लागू झाली. त्याआधीच्या नवव्या आवृत्तीत निदानाचे चौदा हजारांच्या आसपास क्रमांक होते, दहावीत ते सत्तर हजारांच्या घरात गेले. त्या वेळी वर्तमानपत्रांनी बदकाने चावा घेतल्याच्या क्रमांकाची पुष्कळ थट्टा केली. आम्हांला ती थट्टा अर्धवट वाटते. बदक सोडून द्या, पण सांध्यांच्या प्रकरणात हा तपशील कामाचा आहे.

एम ०० हा गट सांध्यात पू करणाऱ्या जंतूंचा. एम ०२ हा संसर्गानंतर येणाऱ्या सांधेदाहाचा. त्यात एम ०२.१ म्हणजे आमांश-जुलाबानंतरचा, एम ०२.२ लसीनंतरचा, एम ०२.८ इतर, आणि एम ०२.९ म्हणजे कशानंतरचा ते नीट न सांगितलेला. पुढचे आकडे सांधा कोणता आणि बाजू कोणती ते सांगतात. एम ०२.१६१ म्हणजे जुलाबानंतर सुजलेला उजवा गुडघा, एम ०२.१६२ म्हणजे डावा. या गटाच्या डोक्यावर एक स्पष्ट सूचना छापलेली आहे की मूळ आजाराचा क्रमांक आधी लिहावा. म्हणजे कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झाले असतील तर आधी ए ०४.५, मग गुडघा. ही सूचना आम्हांला फार आवडते. कारण आधी, परिणाम नंतर, इतके सरळ वाक्य त्या जाडजूड ग्रंथात क्वचितच सापडते.

पण हे वाक्य लिहायचे कोणी? क्रमांक घालणारा कोडर रुग्णाला पाहत नाही, तो फक्त डॉक्टरांची टिपणे वाचतो. फाइलमध्ये कॅम्पिलोबॅक्टरचा अहवाल पडलेला असला तरी त्यावरून स्वतःच्या मनाने निदान ठरवण्याचा त्याला अधिकार नाही. ‘या जुलाबांनंतर हा सांधेदाह झाला’ असे डॉक्टरांनी शब्दांत लिहिले पाहिजे. त्यातही आणखी एक पाचर आहे, आणि ती आपल्या लोकांना बहुधा माहीत नसते. बाहेरच्या बाहेर तपासून घरी पाठवलेल्या रुग्णाच्या टिपणात ‘बहुधा’, ‘संशय आहे’, ‘नाही ना ते पाहायचे’ असे शब्द असतील तर तो आजार मोजायचाच नाही, फक्त लक्षण मोजायचे, असा नियम आहे. मग ‘बहुधा रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस’ लिहिलेल्या माणसाच्या बिलावर एम २५.५६१ येते, म्हणजे नुसता उजवा गुडघा दुखतो. रुग्णालयात दाखल होऊन घरी सोडलेल्या रुग्णाला नेमका उलटा नियम. निरोप देताना ‘बहुधा’ लिहिले असले तरी आजार आहे असे धरून क्रमांक घालतात. नियमामागे तर्क आहे. दवाखान्यातल्या एका भेटीतल्या संशयावरून माणसाच्या कपाळी कायमचा आजार चिकटू नये, हे योग्यच. आमचे म्हणणे एवढेच की संशय पुढे खरा ठरला तर तो ‘बहुधा’ काढून टाकायची आठवण पुढच्या भेटीत घरच्यांनी करावी. डॉक्टरांचे वीस रुग्ण बाहेर खोळंबलेले असतात, आपल्या घरात मात्र गुडघा एकच सुजलेला असतो.

हे सगळे सोसलेल्या आपल्या मंडळातल्या एका घराची गोष्ट, त्यांच्या परवानगीने, नावगाव गाळून सांगतो. आई सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या, पाहुण्यांसाठी मिळतो तो विमा काढून. इथे आल्यावर दुसऱ्या महिन्यात त्यांना जोरदार जुलाब झाले. जवळच्या तातडीच्या दवाखान्यात तपासणी झाली, कॅम्पिलोबॅक्टर सापडला, त्या बऱ्या झाल्या. वीस दिवसांनी उजवा गुडघा टरारून सुजला. या वेळी त्यांना दुसऱ्याच दवाखान्यात नेले, कारण पहिला त्या दिवशी बंद होता. तिथे डॉक्टरांनी विचारले, याआधी कधी गुडघा दुखत होता का? आईंनी आपल्या पिढीच्या रीतीने उत्तर दिले, “अहो, गुडघे काय, वयानुसार कुरकुरायचेच. चालायचंच.” मुलाने त्याचे इंग्रजी केले, बरीच वर्षे गुडघेदुखी आहे. जुलाबांचा विषय कोणी काढला नाही. गुडघ्याचा आणि पोटाचा काय संबंध! कागदावर आले एम १७.११, म्हणजे उजव्या गुडघ्याची झीज. विमा कंपनीने एका ओळीत कळवले की हा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे, सबब पैसे मिळणार नाहीत.

त्या घरात दोन महिने जे वातावरण होते ते आम्ही पाहिले आहे. पैसे तर होतेच, पण आई रोज म्हणत, “माझ्यामुळे तुम्हांला भुर्दंड.” पुढे सांधेतज्ज्ञांनी पाणी काढले. जंतू नाहीत, स्फटिक नाहीत. त्यांनी उशिरा का होईना जुलाबांची तारीख विचारली आणि स्वच्छ शब्दांत लिहिले. त्यांच्या भेटीचे पैसे कंपनीने दिले. पहिल्या भेटीचे दिले नाहीत, कारण त्या दिवशीच्या कागदावर त्या दिवशी सांगितलेलेच होते, आणि त्या दवाखान्याने पुरवणी टिपण जोडायला नकार दिला.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. ‘चालायचंच’ हा आपला एक सुंदर शब्द आहे. त्यात सोसणे आहे, दुसऱ्याला त्रास न देणे आहे. परंतु त्याचे इंग्रजी भाषांतर जुना आजार असे होते, हे आपण ओळखले पाहिजे. आईंना खरोखर काय म्हणायचे होते? जिने चढताना थोडे दुखायचे, सूज कधीच नव्हती, आणि ही सूज परवा सकाळपासून आहे. ही तीन वेगळी वाक्ये आहेत आणि तीनही खरी आहेत. जुने दुखणे लपवा असे आम्ही अजिबात म्हणत नाही. जुने ते जुने म्हणून सांगा, नवे ते नवे म्हणून, आणि दोन्हींना तारखा जोडा.

या विषयावर मंडळात बोलणे निघाले तेव्हा एक-दोघांनी सुचवले की सरळ डॉक्टरांना सांगावे, ज्या क्रमांकाला पैसे मिळतात तो टाका. या सल्ल्याला आमचा ठाम विरोध आहे. एक तर ती फसवणूक आहे, आणि परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तिच्या जवळपासही फिरकू नये. दुसरे, खोटा क्रमांक पैसे मिळाल्यावर पुसला जात नाही. तो फाइलमध्ये राहतो आणि पाच वर्षांनी कोणी तरी डॉक्टर त्यावर विसंबून औषध ठरवतो. चुकीची चिठ्ठी लावलेली बाटली रिकाम्या बाटलीपेक्षा वाईट. आपण क्रमांक मागायचा नसतो, हकीकत पुरी सांगायची असते. क्रमांक हकीकतीमागून येतो.

हकीकत पुरी सांगण्यात आपल्याला दोन अडचणी येतात. पहिली लाजेची. जुलाब किती वेळा, रक्त होते का, हे आपण सुनेसमोर, जावयासमोर बोलत नाही. क्लॅमिडियाचा प्रश्न तर तरुण मुलाला आई शेजारी बसलेली असताना विचारला, तर उत्तर काय येणार ते ठरलेलेच. पालकांनी अशा वेळी आपणहून खोलीबाहेर जावे. दुसरी अडचण दुभाषाची. सहावी-सातवीतली नात आजीचे मराठी इंग्रजीत सांगते तेव्हा आपल्याला कौतुक वाटते, पण आजी तिच्यासमोर अर्धे बोलतच नाही, आणि ‘आव पडते’ याचे इंग्रजी त्या पोरीला कुठून येणार? ज्या दवाखान्यांना केंद्र सरकारचा पैसा मिळतो त्यांनी दुभाषा विनामूल्य पुरवायचा असतो, आणि तातडीचा प्रसंग वगळता लहान मुलांकडून ते काम करून घ्यायचे नसते. फोनवरून मराठी दुभाषा मागता येतो. भेटीची वेळ ठरवतानाच मागावा, म्हणजे शोधायला त्यांनाही सवड मिळते.

भारतातून परतल्यावर सांधे धरले तर प्रवास सांगायलाच हवा, कारण इथल्या डॉक्टरांच्या मनात चिकनगुन्या सहज येत नाही. २००६ च्या साथीत आपल्यापैकी अनेकांच्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी तो अनुभवला आहे. ताप चार दिवसांत उतरतो आणि बोटांचे, मनगटांचे दुखणे महिनोन्महिने राहते. त्याचा क्रमांक वेगळा, ए ९२.०, आणि रक्ताची तपासणीही वेगळी. लहान मुलांच्या बाबतीत घशाचे विसरू नका. स्ट्रेप्टोकोकसने घसा धरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकामागून एक सांधे दुखू लागले तर तो संधिवाताचा ताप असू शकतो, आणि तो एम ०२ मध्ये येतच नाही. हृदयाला धक्का नसेल तर त्याचा क्रमांक आय ००. इथे प्रश्न पैशांचा नाही. ते निदान झाले तर मुलाला पुढे कैक वर्षे पेनिसिलिन देऊन हृदयाच्या झडपा जपायच्या असतात. महाविद्यालयासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाच्या फाइलमध्ये नुसते ‘सांधेदुखी’ असेल तर ते पेनिसिलिन चालू ठेवायचे कोणाला सुचणार?

क्रमांकांची यादी निर्दोष आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. एम ०२.३ पाहा. तिथे अजून ‘रायटर्स डिसीज’ छापलेले आहे. हान्स रायटर या जर्मन डॉक्टरने १९१६ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले. पुढे नाझी राजवटीत तो सरकारी आरोग्य कार्यालयाचा प्रमुख झाला, आणि छळछावणीतल्या कैद्यांवर झालेल्या प्रयोगांशी त्याचे नाव जोडले गेले. अमेरिकेत १९४२ मध्ये ज्यांनी हे नाव रूढ केले त्यांच्यातल्याच एफ्रेम एंगलमन यांनी २००७ मध्ये सहकाऱ्यांसह ते जाहीरपणे मागे घेतले. बहुतेक सांधेतज्ज्ञ आता ते वापरत नाहीत. बिलाच्या कागदावर मात्र ते टिकून आहे. दर ऑक्टोबरला ही यादी सुधारतात, शेकडो नवे क्रमांक घालतात, आणि एवढी एक ओळ खोडायला वेळ मिळत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

कागद बघण्याचा आपल्याला हक्क आहे, हे अनेकांना खरे वाटत नाही. १९९६ च्या हिपा कायद्याखालच्या नियमांनुसार आपली फाइल मागितली की सामान्यतः तीस दिवसांत द्यावी लागते. एप्रिल २०२१ पासून तर डॉक्टरांची टिपणे संगणकावर विनाविलंब आणि विनामूल्य उघडी ठेवावी लागतात. त्यात तपशील चुकला असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज करता येतो आणि सामान्यतः साठ दिवसांत उत्तर मिळायला हवे. नकार मिळाला तर आपले लेखी म्हणणे फाइलला जोडून ठेवता येते. वर सांगितलेल्या घराने तेच केले आहे. अर्ज बिलिंगच्या खिडकीवर नेऊन भांडण्यात अर्थ नाही. तिथली बाई क्रमांक बदलू शकत नाही, टिपण लिहिणाऱ्या डॉक्टरांकडेच जायचे. नोकरीतल्या बहुतेक विम्यांना २०१० च्या कायद्याने अपिलाची आणि बाहेरच्या तटस्थ परीक्षणाची सोय दिली आहे. पाहुण्यांच्या पॉलिसीला ते संरक्षण नाही, तिथे पॉलिसीत छापले आहे तेवढेच. म्हणून आई-वडिलांच्या बाबतीत पहिल्या भेटीचा कागद नीट होणे अधिकच महत्त्वाचे.

कार्यकारिणीपुढे आम्ही एक छोटी सूचना ठेवली होती, ती मान्य झाली आहे. या अंकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता छापला आहे. ताप किंवा जुलाब कधी सुरू झाले, कधी थांबले, कोणती तपासणी कुठे झाली, अहवालात काय आले, प्रवास कुठे, घसा दुखला होता का, कोणता सांधा, कोणती बाजू, सूज कोणत्या तारखेपासून, याआधी त्याच सांध्याला काय होत असे, आणि चालू औषधे. मराठीत भरा, पण जंतूंची आणि औषधांची नावे अहवालावर आहेत तशी उतरवा. डॉक्टरांकडे जाताना तो हातात असू द्या. तक्त्याची झेरॉक्स काढून घ्या, आणि ज्यांच्याकडे यंदा आई-वडील यायचे आहेत त्यांनी दोन काढाव्यात. गणपतीच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावरही जादा प्रती ठेवू.